उसनी टिब

साखर उसनी आणतात, शिडी आणतात.
मी जॉन्टी बर्केटची कुत्री आणली आहे,
त्याचं खुब्याचं हाड कार्लाइलच्या इस्पितळात सांधून येईपर्यंत.
"लांब नको नेऊस," तो म्हणाला होता, "मेंढवाड्यापर्यंत, बस्स.
आणि ओरडू नकोस तिच्यावर. तिला ऐकू येतं."

दुपारचे दोन. उजेड आत्ताच पातळ झालाय,
दुधात पाणी घातल्यासारखा.
फाटकाची कडी गोठलेली; हातमोजा तिला चिकटतो,
सोडवून घेताना लोकरीचा एक धागा मागे राहतो.
टिब फाटकातून लगेच आत जात नाही.
आधी माझ्या मागे बघते,
आणखी कुणी यायचं आहे का.

चढताना बर्फाचे दोन आवाज:
वरचा पापुद्रा मोडतो तो एक,
आणि पाय खाली रुततो तो,
कोरड्या पिठात मूठ दाबल्यासारखा.
टिबच्या पायांना यातला एकही नाही.
गडगे बुडालेत, माथ्याचे दगड तेवढे वर,
जुन्या रजईवरच्या धावदोऱ्यासारखे.

तीस वर्षं शाळेची बस चालवली मी या खोऱ्यात.
प्रत्येक वळण पाठ आहे, खालून.
वरून ते पहिल्यांदाच पाहते आहे. केवढंसं.
जॉन्टीची दोन्ही मुलं मागच्या बाकावर बसायची;
एक आता न्यूझीलंडात मेंढ्या कातरतो,
दुसरी नाताळला फोन करते.

मेंढवाड्यापाशी थर्मास उघडला. आल्याचा केक.
टिबने केककडे पाहिलंही नाही.
ती खाली बसली, बसली कसली, जमिनीवर सांडली,
हनुवटी बर्फात, डोळे समोर.
पलीकडे अकरा मेंढ्या, पाठीवर बर्फ तसाच,
बागेत विसरलेल्या खुर्च्यांसारख्या.
त्यांनीही तिला पाहिलं.
कुणी हललं नाही.

मी म्हटलं, चल. ये. ऊठ. बिस्कीट.
म्हटलं, टिब, अंधार पडेल गं बाई.
एक कान माझ्याकडे, बाकी सगळी मेंढ्यांकडे.
तिच्या मिशांवर हिम धरू लागलं.
तेव्हा कळलं, ही हट्ट करत नाहीये,
ही कामावर आहे,
आणि सुट्टीचा शब्द माझ्यापाशी नाही.

मेंढवाड्याच्या भिंतीवर चढले, सहासष्टाव्या वर्षी,
तेव्हा कुठे फोनला एक दांडी मिळाली.
नर्स म्हणाली, ते जेवताहेत.
म्हटलं, जेवू दे, पण फोन द्या.
मग चमचा ठेवल्याचा आवाज, खोकला,
मी काय ते सांगितलं,
आणि फोन बर्फाकडे उलटा धरला.

"पुरे, टिब."

एवढंच. मोठ्यानेही नाही.
ती उठली, अंग झाडलं,
आणि फोनपाशी आली नाही,
गडग्यापलीकडे धावली, त्याला शोधायला.
दोन फेऱ्या मारल्या. कुठेच वास नव्हता.

फोनवर तो अजून होता.
"वर किती बर्फ आहे?"
मी म्हटलं, गुडघाभर, पण उन्हाच्या बाजूने वितळतोय.
वितळत नव्हता.
"मेंढ्या किती दिसल्या? अकरा?
बारावी ओढ्याकाठी असेल. असते ती."
मग कुणीतरी ताट उचललं असावं.

उतरताना टिब माझ्या पुढे नव्हती, मागेही नव्हती,
गुडघ्याशी होती.
ओढ्याकाठी बारावी होती.

रात्री ती दाराकडे तोंड करून बसली,
शेगडीपासून दूर, फटीतून वारा येतो तिथे.
अकरा वाजले. मी दिवा मालवला.
अंधारात म्हणून पाहिलं, माझ्याच आवाजात:
पुरे, टिब.

शेपटी एकदा फरशीवर आपटली.
ती उठली नाही.
मी पुन्हा म्हटलं नाही.